पट्टेवाले कडुबाजींनी मोटारीचा पट्टा स्वहस्ते बांधिला, ते समयीची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मासी, शहर छत्रपती संभाजीनगर, पुंडलिकनगर येथील आयुष्मान कडुबाजी यांची स्वारी चिरंजीवांचे नूतन मोटारीत बसोन सोयगावास लग्नाकारणे निघाली, आणि मार्गी पट्ट्यावरून जे घोर रण माजले, त्याचे साद्यंत वर्तमान येथे लिहितो. लेखणी कोणाची भीड धरीत नाही. ज्यास खोटे वाटेल त्याने वैशाखाचे उन्हात फुलंब्रीच्या पुढील सडकेचे मोरीचे कठड्यावर घटकाभर बसोन पाहावे, म्हणजे कळेल.

कडुबाजी म्हणजे बहुत मातबर पुरुष, वय वर्षे बाहत्तर, मिशा पांढऱ्या परंतु पीळ कायम. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे पट्टेवाले म्हणोन चाकरी केली. खांद्यावरून कमरेपावेतो तिरपा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, आणि दाराबाहेर स्टूल. आत साहेबांनी घंटी वाजविली की उठावे, पाणी न्यावे, फाइल न्यावी, मग पुन्हा बसावे. चौतीस वर्षांत साहेब अकरा आले आणि अकरा गेले, परंतु एकाने म्हणोन 'कडुबा' ऐसे नाव उच्चारिले नाही. "पट्टेवाला!" इतकेच. निवृत्तीचे दिवशी पट्टा खुंटीस अडकवोन ते घरी आले, आणि आता मरेतो खांद्यावर पट्टा घेणे नाही ऐसा पण केला. हा पण त्यांनी कोणास सांगितला नाही. सर्व घोळ तेथेच जाहला.

पुढे चिरंजीव आयुष्मान बुद्धभूषण यांनी मोटार आणिली, पंचशील म्हणोन पेढे वाटिले, आणि तीर्थरूपांस पुढील मानाचे आसनी बसविले. बसतात न बसतात तो मोटारीतून टिंग टिंग टिंग ऐशी घंटी वाजो लागली. कडुबाजी दचकोन अर्धे उठले, डोके छतास लागले. चिरंजीव म्हणाले, "दादा, पट्टा लावा म्हणती गाडी." अरे देवा! लेकाची मोटार, आणि तीत पुन्हा तीच घंटी आणि तोच पट्टा, तोही त्याच खांद्यावर! कडुबाजींचे अंगाची लाही लाही जाहली.

मग त्यांनी मसलत केली, आणि कोणास न सांगता रिक्षेने औरंगपुऱ्यात दाऊदमियांचे दुकानी गेले. तेथे मोटारीचा सर्व साजशृंगार मिळतो. पट्ट्याचे टोकास जी लोखंडी जीभ असते तैसीच सुटी जीभ मिळते, ती खाचेत खुपसली की मोटारीस वाटते पट्टा लागला, आणि ती मुकाट होते. दाऊदमियांनी जीभ हाती दिली, परंतु इमानाने बोलले, "चच्चा, इससे आवाज बंद होता. टक्कर बंद नइं होती." कडुबाजींनी ऐकोन न ऐकल्यासारखे केले, आणि जीभ खिशात घालोन विजयी मुद्रेने घरी परतले.

लग्नाचे दिवशी सकाळीच कूच जाहले. नवरी म्हणजे कडुबाजींचे कुटुंब आयुष्मती गोजरबाई यांची भाची संध्या, सबब गोजरबाई नवे लुगडे नेसोन मागे बसल्या, आणि लुगडे चुरगळेल म्हणोन पट्टा दूर सारिला. बुद्धभूषण यांनी कडक इस्त्रीस जपोन पट्टा काखेखालोन घेतला. कडुबाजींनी तर खिशातील खोटी जीभ गुपचूप खाचेत खुपसली. ऐशा फौजेत शहाणे माणूस एकच, ते म्हणजे सूनबाई करुणा. त्या शहरातील एका इस्पितळात अपघात विभागी परिचारिका. परंतु लाडवांचा डबा, आहेर आणि पाण्याच्या बाटल्या यांचे बंदोबस्तात त्या गुंतल्या, आणि फुलंब्री मागे पडेतो त्यांची नजर पुढे गेली नाही.

गेली तेव्हा पाहतात तो सासऱ्यांचा पट्टा खुंटीवरील कपड्यासारखा लोंबतो आहे, आणि घंटी गप्प! त्यांनी वाकोन खाचेतील खोटी जीभ उपसली. घंटी किंचाळो लागली. करुणाबाईंनी फर्माविले, "अहो, गाडी बाजूला घ्या. पट्टा लागल्याशिवाय चाक हलणार नाही." कडुबाजी म्हणाले, "मंग मी येष्टीनं येतो," आणि उतरोन तडक रस्त्याकडेचे मोरीवर जाऊन बसले. गोजरबाई आतून ओरडल्या, "अवो, लग्नाची येळ टळंल! म्हातारपणी काय याड लागलं व्हय तुम्हाला?" परंतु मोरीवरील ठाणे हलेना. बुद्धभूषण यांनी दोन वेळा शिष्टाई केली आणि दोन्ही वेळा तोंड पाडोन माघारी आले.

मग करुणाबाई खासा निघाल्या, पदर डोईवर घेऊन सासऱ्यांचे शेजारी मोरीवर बसल्या, आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणोनच कडुबाजी बोलले. स्टूल सांगितले, घंटी सांगितली, अकरा साहेब सांगितले. "पहिल्या दिशी हेडक्लार्कानं आपल्या हातानं माझ्या खांद्यावर पट्टा घातला. त्या दिसापून माझं नावच गेलं बघ, सूनबाई."  हे बुद्धभूषणासही ठाऊक नव्हते.

करुणाबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "बाबा, पट्टा न लावलेली माणसं आमच्याकडं येतात ना, त्यांनाही कोणी नावानं हाक मारत नाही. 'बेड नंबर सात' म्हणतात. मीच म्हणते. मला तुम्हाला तसं म्हणायचं नाही. मला लई भीती वाटते हो."

 मग कडुबाजी उठले, धोतर झटकले, आणि तह जाहला तो ऐसा की, पट्टा त्यांचे खांद्यावर दुसऱ्या कोणी घालो नये, ते स्वहस्ते घेतील, आणि घेतलाच तर मोटारीतील सर्वांनी घ्यावा, लुगडे आणि इस्त्री यांची सबब चालणार नाही. करुणाबाईंनी सर्व मान्य केले आणि रीत सांगितली की, खालची पट्टी पोटावर नको, ओटीपोटाखाली कमरेच्या हाडावर घट्ट बसवावी, पोटावर राहिली तर आतडी फाटतात. वरची गळ्यास न घासता खांद्याच्या हाडावरोन छातीच्या मधून जावी, पीळ नसावा. काखेखालोन घेतल्यास फासळ्या मोडतात. आणि मागील माणूस मोकळे असेल तर धक्क्यासरशी पुढील माणसाचे पाठीवर येऊन आदळते. हे ऐकोन कडुबाजींनी मोटारीत येऊन बसताच मागे वळोन कुटुंबाचे एकंदर आकारमान न्याहाळिले, आणि पहिला हुकूम त्यांसच सोडला, "गोजरे, आधी तू लाव." मग चिरंजीवांची काख सोडविली. मग आपला पट्टा दोन्ही हातांनी ओढोन खट् ऐसा बसविला. घंटी थांबली.

तेथोन सिल्लोड मागे टाकोन स्वारी अजिंठ्याचे घाटात उतरली. एका वळणावर दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अवचित आडवा आला. बुद्धभूषण यांनी ब्रेक दाबिला, चाके चरचरली, आणि चौघेही पुढे गेले ते पट्ट्यांनी जागचे जागी आवळोन धरिले. लाडवांचा डबा मात्र मोकळा होता. तो दोन आसनांमधून सुटला आणि कडुबाजींचे डोक्यासमोरील काचेवर ऐसा आदळला की काचेस तडा गेला.

 करुणाबाईंनी सासऱ्यांचे सदऱ्याचे बटण काढोन पाहिले. खांद्यापासोन तिरपा लाल वळ उठला होता.

"दुखतंय का, बाबा?"

"दुखतंय की," कडुबाजी म्हणाले. "लई दुखतंय. बरं वाटतंय."

नेमिल्या वेळेहून अर्धी घटका उशीर जाहला, परंतु लग्न लागले, आणि मांडवाचे दारी सोयगावकरांनी पुढे होऊन "या या, कडुबाजी, जय भीम!" ऐसे नाव घेऊन स्वागत केले. ऐशी मोहीम फत्ते जाहली, सबब नोंद करितो. ठिकाण अजिंठा घाट. कामी आले: डबा एक, लाडू दरोबस्त, काच एक. माणूस: कोणी नाही.