शतावरीला वाटीभर पाणी

निघायच्या आधी रखमाबाईंनी नवऱ्याला बाल्कनीतली कुंडी दाखवून बजावलं, "आठवड्यातून एकदा, ही एवढी वाटीभर. शतावरी आहे ही, तुमची पानवेल नव्हे. ज्ञानदा बाळंत झाली की अंगावर दूध यायला हिच्या मुळ्या दुधात उकळून द्यायच्यात. एवढं सांभाळा."

आणि त्या आजारी बहिणीकडे महिनाभर नाशिकला गेल्या.

शंकरआप्पांनी चाळीस वर्षं वसईच्या वाडीत पानवेली आणि केळी शिंपल्या होत्या. वाडी गेली, मुलाबरोबर एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर आले, पण हात काही फ्लॅटमध्ये आले नव्हते. (ते अजून वाडीतल्या पाण्याच्या पाटाशीच बसलेले.) ऐन एप्रिलचं ऊन, भेगाळलेली माती आणि वाटीभर पाणी? एवढं तर केळीच्या पानावरून नुसतं ओघळून जायचं!

सोमवारी त्यांनी एक तांब्या घातला. मंगळवारी दोन. इमारतीला पाणी टँकरचं, माणशी मोजकंच. मग आप्पा आपल्या आंघोळीतली अर्धी बादली राखू लागले.

"आप्पा, आंघोळ झाली?" आठव्या महिन्यातली सून ज्ञानदा जरा लांबूनच विचारी.

"झाली की!"

"कुणाची?"

दहाव्या दिवशी शतावरी पिवळी पडली. आप्पांनी ओळखलं, तहान! अर्ध्याची पाऊण बादली झाली. त्यात नाशिकहून फोन.

"कशी आहे?"

"मी बरा आहे."

"शतावरीचं विचारतेय."

"ती ना... तुझी फार आठवण काढते."

शेवटी एका सकाळी सगळी पानं गळून पडली. आप्पांनी मातीत बोटं घातली, तर मुळ्या भिजलेल्या पोह्यांसारख्या हाताला लागल्या. ते तिथेच फरशीवर बसले. सुनेने चहा आणून ठेवला, तो साय धरून गार झाला. जन्माला यायच्या आधीच नातवंडाचं दूध आपण बुडवलं!

रखमाबाई आल्या, तेव्हा त्यांच्या पायातल्या चपला निघायच्या आत आप्पांनी कुंडी पुढे धरली.

"मी मारली गं. या हातांनी."

रखमाबाईंनी माती चिमटीत धरली. चिमटीतून पाणी निथळलं. "चला वर," एवढंच म्हणाल्या.

गच्चीवर टाकीमागे, अर्ध्या कापलेल्या पिंपात, शतावरीचं हे एवढं बेट! अँटेनाच्या खांबावर पार वरपर्यंत चढलेलं.

"हर्षवर्धन दर रविवारी वाटीभर घालतो. लेक बापापेक्षा आज्ञाधारक आहे."

"आणि खालची?"

"याच बेटातला एक कोंब. म्हटलं, मी नसताना तुमच्या हातांना शिंपायला काहीतरी नको का?"

आप्पांनी हळूच विचारलं, "म्हणजे ज्ञानदाला मिळेल ना?"

"मिळेल हो, पुरून उरेल." रखमाबाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले. "पण आत्ताच सांगून ठेवते. बाळाला घ्या, खेळवा, मांडीवर झोपवा. न्हाऊ मात्र मीच घालणार."