उंच मुलांचं बीजगणित

हेडमास्तर लेल्यांनी उत्तर विचारलं म्हणून कृष्णात उभा राहिला आणि त्याच्याबरोबर बाकही उठलं. गुडघे डेस्कखाली अडकले होते. शेजारचे दोघे घसरून खाली बसले आणि तीन दौतींमधली शाई लेल्यांच्या धोतरावर गेली.

उत्तर बरोबर होतं. पण लेल्यांनी दुपारीच त्याला ‘ब’ तुकडीत पाठवलं.

साताऱ्याच्या त्या हायस्कुलात १९४६ साली इंग्रजी चौथीच्या, म्हणजे आजच्या आठवीच्या, दोन तुकड्या होत्या. ‘अ’मध्ये बाकं होती आणि बीजगणित-भूमिती होती. ‘ब’मध्ये जमिनीवर बस्करं होती आणि नुसतं अंकगणित. निवड परीक्षेवरून होई, आणि कृष्णात परीक्षेत तिसरा आला होता. पण त्याच्यासारख्या मेढ्याकडच्या पोरांची शाळा उशिरा सुरू झालेली, त्यामुळे ती वर्गात दोन-तीन वर्षांनी मोठी आणि हातभर उंच असत. लेल्यांनी खबरदारी म्हणून आणखी चार उंच मुलं ‘ब’त हलवली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. धोतर मात्र नवं होतं.

महिनाभरानं कृष्णातचा बाप जोतिबा मेढ्याहून सर्व्हिस मोटारीनं आला. लढाईत पूल बांधणाऱ्या पलटणीत तो हवालदार होता, नुकताच घरी परतला होता. पोरानं गणित शिकून बांधकामावर ओव्हरसियर व्हावं असं त्यानं तिकडेच ठरवून टाकलं होतं.

“मास्तर, पोरगं गणितात कच्चं हाय का?”

“छे, चांगला आहे.”

“मग बीजगणित का न्हाई?”

“बाकात मावत नाही हो तो.”

जोतिबानं थोडा विचार केला. “बाकं उंच केली तर?”

“करा,” लेले म्हणाले. बोलणं संपवायला त्यांना तो शब्द बरा वाटला होता.

जोतिबाच्या लेखी तो हुकूम होता. रविवारी त्यानं बाभळीचे ठोकळे आणले आणि बाकांच्या पायांखाली ठोकून वर्गातली सगळी बाकं वीतभर उंच केली. काम पलटणीतलं होतं. एकही बाक हलत नव्हतं.

सोमवारी पाचही उंच मुलं ‘अ’मध्ये ऐसपैस बसली. गावातल्या तेरा वर्षांच्या मुलांचे पाय मात्र अधांतरी लोंबू लागले. पायांना मुंग्या येत. प्रश्न विचारला की आधी उडी मारावी लागे, उत्तर मग. मंगळवारी सकाळीच आगाशे वकिलांचा मधुकर उडी मारताना तोंडावर पडला.

लेल्यांनी ठोकळे काढायला शिपायाला सांगितलं. शिपायानं दिवसभर घाम गाळला आणि एका ठोकळ्याचा टवका काढला. शेवटी मधुकरसह नऊ बुटकी मुलं ‘ब’मध्ये बस्करांवर गेली.

त्याच संध्याकाळी आगाशे वकील आले.

“लेले, त्या तुकडीत बीजगणित नाही म्हणे?”

“नाही. अंकगणित आहे.”

“म्हणजे माझ्या मुलाच्या मॅट्रिकचं वाटोळं. आणि कशावरून, तर पायांच्या लांबीवरून. तुम्हाला हे न्यायाचं वाटतं?”

लेल्यांना ते मुळीच न्यायाचं वाटेना. हे आपल्याला महिनाभर कसं सुचलं नाही, याचं त्यांना जरा नवल वाटलं. बुधवारपासून त्यांनी ‘ब’मध्येही बीजगणित सुरू केलं. नऊ मुलांना वेगळं बसवायला जागा नव्हती, म्हणून तिथली आधीची तीस मुलंही ते शिकू लागली. यांना झेपणार नाही, असा शेरा निवड परीक्षेनंतर याच तिसांबद्दल लेल्यांनी स्वतः लिहिला होता.

सहामाहीचा निकाल लागला. बीजगणितात पहिला आला आकाराम, त्या तिसांतला, इस्लामपूरकडचा. कृष्णात दुसरा. मधुकर अकरावा.

जोतिबा निकाल ऐकायला मुद्दाम आला होता. शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यानं पोराला विचारलं, “तुझ्यासाठी आख्खी बाकं उचलली मी. आन् पयला त्यो खाली बसणारा आला व्हय रं?”

“आबा,” कृष्णात खाली बघत म्हणाला, “तितं मांडी घालून बसाय मिळतं. वही मांडीवर घ्यायची. डोस्कं लय चांगलं चालतं.”

“मग?”

“मला बी ‘ब’त जायचंय. मास्तरांस्नी तुमीच इचारा.”

जोतिबानं फेटा नीट केला, आणि तो पुन्हा हेडमास्तरांच्या खोलीकडे चालू लागला. खिडकीतून त्याला येताना पाहून लेल्यांनी आधी धोतर सावरलं आणि मग शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.