छताला फुटलेला घाम

दुपारचं जेवून चंद्रहास पलंगावर आडवे झाले आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर टपकन थेंब पडला. डोळे उघडून पाहतात तर छतावर थेंबांची दाटी झालेली.

"वरच्यांचं बाथरूम गळतंय," त्यांनी निकाल दिला.

"बाथरूम त्या बाजूला आहे," वसुंधराबाई दोरीवर ओल्या चादरी पसरत म्हणाल्या. पाऊस आठवडाभर विरारला मुक्काम ठोकून होता. त्यामुळे खिडक्या बंद, पंखा सुरू आणि घरभराचं धुणं बेडरूममध्ये, असा कारभार चालला होता.

"पाणी वाट काढतं," चंद्रहास म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालत.

वरच्या मजल्यावरचा गॉडफ्रे भिडस्त माणूस. काकांना आपल्यामुळे त्रास होतोय म्हटल्यावर तो ओशाळला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने प्लंबर बोलावला. नळ बंद झाला, फरशी फुटली, घरभर सिमेंटची धूळ पसरली.

आता आंघोळी कुठे करायच्या? वसुंधराबाईंना राहवेना. "आमच्याकडे या सगळे," त्यांनी गॉडफ्रेच्या बायकोला, प्रिस्काला सांगितलं.

तेव्हापासून चंद्रहासांच्या बेडरूमला लागून असलेलं न्हाणीघर रेल्वेच्या वेटिंग रूमसारखं गजबजलं. गॉडफ्रे, प्रिस्का आणि गॉडफ्रेची म्हातारी आई ॲंजेला यांच्या कढत पाण्याच्या आंघोळी उरकल्या की दार उघडताच वाफेचा लोट बाहेर येई. त्यांचे टॉवेलही दोरीवर चढले. आणि छत आता एका जागी नाही, चार जागी टपकू लागलं. पलंगावर परात ठेवावी लागली.

चंद्रहास पुन्हा वर गेले. "भिंतीतला पाइप असणार. भिंत फोडावी लागेल."

"काका, बाथरूममध्ये टिपूसभर पाणी नाहीये," गॉडफ्रे हळूच म्हणाला. "नळच बंद आहे."

"पाणी वाट काढतं," चंद्रहास म्हणाले खरे, पण आवाजात जोर नव्हता.

प्रिस्काने त्यांना ॲंजेलाच्या खोलीत बसवलं, कारण धूळ नसलेली तेवढी एकच जागा उरली होती. एसी जोरात चालू होता. तिने फ्रिजमधलं थंडगार कोकम सरबत दिलं.

चंद्रहासांनी दोन घोट घेतले. बोटं ओली झाली. त्यांनी ग्लास पुसला. थोड्या वेळाने तो पुन्हा बाहेरून ओला.

"ग्लास गळतोय का गं?"

"नाही काका. थंड आहे ना, घाम येतो त्याला."

चंद्रहासांनी ग्लासकडे पाहिलं. मग पायांकडे. तळव्यांखालची फरशी बर्फासारखी गार होती आणि तिच्याच बरोबर खाली त्यांचा पलंग होता. सरबत संपवून ते तडक खाली आले.

"वसुंधरा, पाणी आपलंच आहे."

"म्हणजे?"

"चादरींतलं. वाफ होऊन वर जातं, गार छताला लागलं की त्याचं परत पाणी होतं आणि आपल्याच नाकावर पडतं."

वसुंधराबाईंनी दोरीवरची चादर चाचपून पाहिली. "आणि तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात," त्या म्हणाल्या.

दोघांनी मिळून धुणं बाहेरच्या खोलीत हलवलं, खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत छत खडखडीत कोरडं. आता सांगणं भाग होतं. चंद्रहास पुन्हा जिना चढले.

गॉडफ्रेने सगळं ऐकून घेतलं आणि तो खो-खो हसत सुटला. "म्हणजे पाणी तुमचं आणि थंडी आमची."

"तुझी फरशी मात्र मी उगाच फोडायला लावली."

"उगाच नाही काका. या, बघा."

बाथरूमचं काम संपत आलं होतं. ज्या उंबऱ्याला ॲंजेला सतत ठेचकाळायची तो गेला होता. फरशी खोलीच्या पातळीला आली होती, भिंतीला धरायला दांडा बसला होता. "आई वर्षभर मागे लागलेली. मीच आज-उद्या करत होतो. फोडलंच होतं, म्हटलं करून टाकू."

तेवढ्यात ॲंजेला कुणाचाही हात न धरता दांड्यापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. चंद्रहासांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते निघाले, तर म्हातारीने त्यांना दारापाशी गाठलं. गॉडफ्रे आत गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"बाबा, आता किचनातूनपन पानी गळते म्हनून सांग त्याला. ओटा मला उंच पडतो."