अन्नपूर्णाकाकूंची मुदत

आमच्या वाचनालयातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत नव्या माशाला केव्हा प्रवेश द्यावा, हे टाकीतील जुने मासे ठरवतात आणि त्यांच्या सभेचे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. मी शाळेतून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी मला निमंत्रण दिले. माणसांच्या सभांना जाणे मी तोवर सोडले होते.

टाकीचा कारभार अन्नपूर्णाकाकू पाहतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, ताटलीसारख्या चपट्या अंगाच्या या मासोळीइतकी नियमनिष्ठा मी शिक्षकवर्गातही क्वचितच पाहिली. नवा मासा प्रथम शेजारच्या छोट्या टाकीत ठरावीक मुदत एकटा राहील; त्याचे जाळे निराळे, बादली निराळी; अंगावर डाग नाही, श्वास संथ आहे आणि भूक चांगली आहे, याची खात्री पटल्यावरच तो मोठ्या टाकीत येईल, हा नियम त्यांनीच घातलेला.

या वेळी दुकानातून दिगंबर नावाचा तरुण नारिंगी मासा आला होता. रोज सकाळी काकू काचेपाशी येऊन त्याची तपासणी करीत.

"डावीकडे वळ. काल कोळंबी का टाकलीस?"

"पोट भरलं होतं, काकू."

"दुकानातल्या माशाचं पोट भरतं, हे आजच ऐकते. बाई, याची मुदत वाढवा."

मी वाढवली. एकटेपणाला कंटाळून दिगंबर काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. तक्रार मात्र त्याने केली नाही.

पुढे वाचनालयाचा वर्धापनदिन आला. टाकी शोभिवंत दिसावी म्हणून कार्यवाह श्री. नाबर यांनी किनाऱ्यावरून एक जिवंत शंख आणला आणि थेट मोठ्या टाकीत सोडला. मी हरकत घेतली.

"बाई, ह्यो काय मासो आसा?" नाबर हसून म्हणाले. "शंख तो! नियम माशांक."

समारंभ यथासांग पार पडला. त्यानंतर लवकरच काकूंनी तातडीची सभा बोलावली. आपल्या परावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले आहेत, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. मला ते दिसले नव्हते.

"बोलला नसतात, तर कुणाला कळलं असतं?" खडकाआडून कुणीतरी पुटपुटले.

"मला कळलं असतं," काकू म्हणाल्या.

त्यांचा युक्तिवाद निर्दोष होता. मोठी टाकी शंखाबरोबर आलेल्या रोगाने दूषित झाली होती. छोटी टाकी शुद्ध होती. अर्थात यापुढे मुख्य टाकी छोटी, रहिवासी एकटा दिगंबर आणि बाकीचे सगळे नवे. नव्यांनी औषधाच्या पाण्यात निराळे राहावे, मोठी टाकी रोग मरेपर्यंत माशांवाचून ठेवावी आणि कुणाला केव्हा प्रवेश द्यावा, हे दिगंबराने ठरवावे.

दिगंबराने मनात आणले असते, तर काकूंना पुन्हा घर मिळाले नसते.

"काकू," तो हळूच म्हणाला, "औषध फार कडक असतं म्हणे. तुमचं वय झालंय. तुमच्यापुरती मुदत अर्धी करू या."

"बाई, हा या पदाला लायक नाही. दुसरा कुणी पाहा."

दिगंबर काचेजवळ आला.

"उजवीकडे वळा. आणखी. शेपटीजवळ एक ठिपका आहे, तो तुम्ही सांगितला नाहीत."

काकूंनी मागे वळून पाहिले. "तो मला दिसला नव्हता," त्या म्हणाल्या आणि किंचित झुकल्या. याआधी त्या कुणापुढे झुकल्याचे माझ्या स्मरणात नाही.

त्यानंतर ठरले ते असे : काकूंची मुदत पूर्ण असेल आणि एक ठिपका जरी उरला, तरी ती वाढेल. शंख निराळ्या भांड्यात राहील. श्री. नाबर यांनी दूषित पाण्यात हात घातला असल्यामुळे तेही तितकाच काळ वाचनालयाच्या पडवीत बसतील व वर्तमानपत्र त्यांना खिडकीतून दिले जाईल. ठराव दिगंबराने मांडला आणि काकूंनी त्यास अनुमोदन दिले. सर्व मासे अनुकूल होते. शंख तटस्थ राहिला. श्री. नाबर यांनी आपली संमती पडवीतून कळवली.