न वापरलेलं उत्तर

रोज सकाळी नऊच्या सुमाराला सावळीराम सटाण्याला फोन लावत. तिकडून त्यांची थोरली बहीण सुलाबाई बोलत.

"आक्का, कांद्याला काय भाव निघाला?"

सुलाबाई सांगत. "बरं," म्हणून सावळीराम फोन ठेवत.

दोघंही आपापल्या जोडीदारामागे एकटे पडलेले, आणि दोघांच्याही घरात भाजीपुरता सोडला तर कांदा नव्हता. जमिनी कधीच विकल्या होत्या. मग भाव विचारून करायचं काय, हा प्रश्न सावळीरामांच्या मुलाला, हर्षलला, नेमका मीटिंगच्या वेळी पडे. कारण सावळीरामांचा आवाज पाथर्डी फाट्यावरच्या त्यांच्या घरातून फोनशिवायही सटाण्याला पोहोचला असता.

हर्षल घरूनच काम करी. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, आणि हर्षलची टीम त्या कंपायलरला जाता जाता प्रोग्राममधली फालतू कामं गाळायला शिकवत असे. निकिता नावाच्या सहकारी मुलीने त्यात एक बदल केला होता. तो तपासून हर्षलने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंजुरी द्यायची होती. त्याची ही पहिलीच मंजुरी. चूक निघाली तर हजारो प्रोग्राम बिघडणार होते आणि खाली नाव त्याचं असणार होतं.

निकिताचा नियम सुटसुटीत होता: ज्या कामाचं उत्तर पुढे कुणी वापरत नाही, ते काम करूच नये. हर्षलला तो इतका पटला की त्याने तो आधी घरातच लागू केला.

"बाबा, फोन राहू द्या. हे ॲप घ्या, सगळ्या बाजारांचे भाव यातच दिसतात. आत्याला कशाला त्रास?"

"बरं," सावळीराम म्हणाले. पोराचं मन मोडणं त्यांना कधी जमलं नाही.

भाव बदलला की ॲप वाजायचं, आणि कांद्याचा भाव कुठे एका जागी बसतो? शेवटी मीटिंग सुरू होताना हर्षलने बाबांचा फोन मुका करून टाकला. तिकडे सुलाबाईंनी वाट पाहिली, मग स्वतः फोन केला, पुन्हा केला. कुणी उचलेना. त्यांनी पुतण्याला, गोरक्षला, हाक मारली. गोरक्षने हर्षलला फोन लावला. हर्षलने तो कापला. गोरक्षने पुन्हा लावला, हर्षलने पुन्हा कापला. पोराला बोलवत नसणार, रडत असणार, असा गोरक्षने अर्थ काढला. काळजीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

दुपारी बेल वाजली. दार सावळीरामांनीच उघडलं, हातात शेंगदाण्यांची वाटी. बाहेर सुलाबाई, गोरक्ष आणि त्यांच्यामागे खांद्यावर उपरणी टाकलेली गावातली जाणती मंडळी.

सुलाबाईंनी भावाचा दंड चाचपून पाहिला.

"जित्ता शेस ना रे? तुन्हा फोन काब्र उना नई?"

"हर्षलने ॲप दिलं," सावळीराम ओशाळून म्हणाले.

"आन् तुम्ही फोन कापला, दादा," गोरक्ष हर्षलला म्हणाला. "आम्ही काय समजायचं? तुमच्या मालेगावच्या मामांना बी सांगून बसलो. ते निघालेत."

सुलाबाई खुर्चीत टेकल्या, पदराने डोळे पुसले. जरा वेळाने सावळीरामांनी हळूच विचारलं, "आक्का, काय भाव निघाला?"

"कालनाच."

"बरं."

हर्षलच्या आता लक्षात आलं. त्या भावाची दोघांनाही कधीच गरज नव्हती. विचारणारा आहे हे तिकडे कळत होतं आणि सांगणारी आहे हे इकडे, एवढ्यासाठी तो फोन होता.

त्याने लॅपटॉप ओढून निकिताला लिहिलं: "मंजुरी नाही. उत्तर कुणी वापरत नसलं, तरी त्या कामाचा दुसरीकडे काही परिणाम होतो का, ते आधी तपास. मगच काम गाळ."

तिचं उत्तर लगेच आलं. "सर, सगळ्या चाचण्या पास झाल्यात. एखादं उदाहरण द्या ना."

तेवढ्यात सुलाबाई मोठी पिशवी उचलून आतल्या खोलीकडे निघाल्या.

"तेरा दिनना कपडा लई उनू," त्या जाता जाता म्हणाल्या. "आते र्‍हाईसनच जासू."

हर्षलने टाइप केलं: "उदाहरण तेरा दिवस आमच्याकडे मुक्कामाला आलंय."