रुसलेलीची खुर्ची

बस्त्याला आलेल्या मंडळींत रुसलेलं कोण आहे, हे दिगूशेठना बायका चपला काढत असतानाच कळतं.

जुन्या जालन्यात त्यांचं साड्यांचं दुकान आणि समोर माझं लग्नपत्रिकांचं. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, पण खरेदी कमी आणि मानपान जास्त. नवरीपासून चुलत आत्यापर्यंत जीपभर बायका येतात. बाकीचे दुकानदार अशा वेळी नवरीच्या बापाला थंड पाजतात. दिगूशेठ रुसलेलीला धरतात.

दुकानात पंख्याखाली एक गुबगुबीत खुर्ची आहे. आमदार आला तरी तिच्यावर बसायचं नाही.

"आत्याबाई, तिकडं कोपऱ्यात काय करून राह्यल्या? इकडं या, तुमच्यासाठी खास इंतजाम हाय."

मग पहिला चहा तिला, तोही वेलदोड्याचा. नवरीचा शालू आधी तिच्यापुढे उलगडायचा. इतरांना न दाखवलेला नवा माल फक्त तिच्यासाठी निघायचा. परत जाताना जीपमध्ये पुढची सीट तिची.

एकदा मी म्हटलं, "शेठ, नवरी सोडून हिच्याच मागे काय लागता?"

"नवरी एकदाच येती. रुसलेली खूष झाली, मंग सगळ्या भावकीचे बस्ते घेऊन येती. बिलकुल पक्कं गिऱ्हाईक!"

ते खरंच होतं. शहागडच्या एक मावशी 'मी लग्नालाच येत न्हाई' म्हणत आल्या होत्या. आता गावातला प्रत्येक बस्ता त्याच आणतात आणि खुर्चीच्या आशेनं जीपमधूनच रुसून उतरतात. एकदा तर एकाच बस्त्यात दोघी रुसलेल्या निघाल्या. शेठनी धावत येऊन माझी खुर्ची उचलली, तिच्यावर शाल टाकली आणि दुसरीला बसवलं. मी दिवसभर उभ्यानं पत्रिका विकल्या.

ही विद्या ते कुठे शिकले, हे मात्र मला फार उशिरा कळलं. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले होते. एक पत्रिका बाजूला काढून म्हणाले, "ही आष्टीला. अक्काला."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. शेठच्या स्वतःच्या लग्नाच्या बस्त्यात सगळ्यांच्या साड्या निघाल्या, अक्काला कोणता रंग हवा हे कुणी विचारलंच नाही. तिनं तोंड पाडलं तर नवरदेव, म्हणजे शेठच, म्हणाले, "घे गं, सगळ्या सारख्याच." तिनं साडी तिथंच ठेवली. लग्नात अक्षता टाकल्या, त्या शेवटच्या. नंतर भावाच्या दारात पाऊल ठेवलं नाही.

पत्रिका द्यायला आणि बस्त्याला बोलवायला शेठ स्वतः जाऊन आले. "पानी दिलं," म्हणाले. "बोलली न्हाई."

मुलीच्या बस्त्याच्या दिवशी मी मुद्दाम शेठच्या दुकानात जाऊन बसलो. घरच्या बायका साड्यांत बुडाल्या होत्या आणि शेठचं लक्ष दाराकडे. मधूनच उठून उपरण्यानं ती खुर्ची पुसायचे. बायको टेकायला गेली तर तिलाही उठवलं.

दुपारच्या एसटीनं अक्का आली. एकटीच. चपला काढल्या आणि दाराशीच सतरंजीच्या कडेला बसली.

जिल्हाभरच्या बायकांची समजूत घालणारा हा माणूस नुसता उभा! हातातली साडी घडी करतोय, परत उलगडतोय. 'इकडं या' एवढं म्हणायचं होतं, पण हातातल्या साडीनंच खुर्ची पुसायला लागला. डोळ्यांत पाणी. ती उठून जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

अक्कानं पदरानं घाम पुसला. पंख्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"दिगू, पार शहागडच्या बायकासुदिक त्या खुर्चीवर बसून गेल्या म्हनं," ती म्हणाली. "मला कवा बसवतो?"