डेसिबलरावांचं गार कपाट

"यंत्र तापतं ते मालक अडाणी असतो म्हणून!" असं डेसिबलराव छातीठोकपणे सांगत. हे नाव त्यांना ऑफिसातल्या टवाळांनी ठेवलेलं. ते मात्र किताब मिळाल्यासारखं मिरवत. नोकरी ड्राफ्ट्समनची. हॉलमध्ये हा भला थोरला ॲम्प्लिफायर, आणि त्याच्यासाठी खास करून घेतलेलं काचेच्या दारांचं कपाट. "आत धुळीचा कण जाणार नाही," म्हणायचे. खरंच होतं ते. धूळच काय, हवासुद्धा जात नव्हती! त्यामुळे ॲम्प्लिफायर वीस मिनिटं वाजे, तव्यासारखा तापे आणि आपोआप बंद पडे.

शेवटी बायकोने निकाल लावला.

"रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांच्या गाण्याची ती एकुलती एक कॅसेट लावायची. मध्येच बंद पडलं, तर तुमचं हे धूड माळ्यावर!"

बाबा म्हणजे डेसिबलरावांचे सासरे, निवृत्त गायनमास्तर. सुराची साथ करणारा जुना मित्र गेला आणि त्यांनी गाणंच सोडलं. त्याला आठ वर्षं झाली होती.

मेहुणा फ्रिज दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "भाऊजी, कपाटातून काढून टेबलावर ठेवा की! झालं!"

डेसिबलरावांना त्याची कीव आली. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला गारव्यातलं काय कळणार!

त्यांनी रीतसर प्लॅन काढला. गार हवेचे निळे बाण आत, गरम हवेचे लाल बाण बाहेर. कपाटाची पाठ करवतीने कापली आणि जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे बसवले. पंख्यांच्या आवाजात गाणं ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. आवाज वाढला तसा ॲम्प्लिफायर जास्त तापला, म्हणून आणखी दोन पंखे! चौघांचा कालवा झाला, म्हणून आवाज आणखी वर! अखेर शुक्रवारी त्यांनी चारही पंखे उपटले आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन काढून तिथे ठोकला.

"अहो, बाथरूममध्ये वाफ कोंडलीय! समोरचं दिसत नाही!"

"मग गार पाण्याने आंघोळ कर! दोन दिवस विज्ञानासाठी एवढंही होत नाही?"

कपाट भिंतीला चिकटलेलं. फॅनने बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येत होती. लाल बाण अगदी अचूक होते. हवेने प्लॅन वाचला नव्हता, एवढंच.

रविवारी सासरे खुर्चीत बसले. कपाटातून फॅनचं 'घूंऽऽ' चाललेलं. डेसिबलरावांनी कॅसेट लावली, आवाज पार शेवटपर्यंत पिळला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. चौदाव्या मिनिटाला 'टक्' झालं!

गाणं बंद. फॅन चालू. बायको माळ्याकडे बघायला लागली.

"बाबा, जरा दोन मिनिटं..." डेसिबलराव घाम पुसत उठले.

"बसा खाली!" सासऱ्यांचे डोळे मिटलेले. "सूर बघा किती पक्का धरलाय!"

"अहो, तो बाथरूमचा..."

"पंखा आहे, कळतंय मला. कान शाबूत आहेत माझे! पेटीवरची काळी दोन. आठ वर्षांत इतका स्थिर सूर कोणी दिला नाही हो मला."

आणि ते गायला लागले. आवाज आधी चिरकला, थरथरला, मग हळूहळू मोकळा झाला. चांगली चाळीस मिनिटं गायले. बायको रडत होती. मेहुण्याच्या हातातला चहा निवून गेला. डेसिबलरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते सासऱ्यांसाठी की ॲम्प्लिफायरसाठी, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

"जावईबापू," सासरे उठताना म्हणाले, "लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आज तुम्ही खरं माझ्यासाठी काहीतरी केलंत. आता दर रविवारी येत जाईन."

डेसिबलराव फुलले. तेवढ्यात मेहुण्याने शिडी आणली.

"पण बाबा तर खूश आहेत ना!"

"कॅसेट बंद पडली की नाही?" बायको म्हणाली. "धरा त्या बाजूने!"

आता दर रविवारी सासरे कपाटासमोर बसून गातात. फॅन एकटाच ऐटीत घुमतो. बाथरूममध्ये वाफ आहेच. ॲम्प्लिफायर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर पडलाय, आणि डेसिबलरावांना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: तेव्हापासून तो एकदाही तापलेला नाही!